लागेल तेवढीच रेती

पांढुर्ण्यात घर बांधायचं म्हणजे आधी गल्ली अडवायची, अशी आमच्याकडे रीतच आहे. रेतीचा ढीग, गिट्टीचा ढीग, विटांच्या थप्प्या. मग पावसात निम्मी रेती नालीत जाते आणि दगड झालेल्या सिमेंटच्या गोण्या जाम नदीच्या काठावर. आमच्या ठेकेदारालाही सगळा माल एकदम हवा होता. पण तो उतरवायच्या जागी आईचं संत्र्याचं झाड होतं. मोहगावचं शेत सोडून आमच्याकडे राहायला येताना आईने त्याचं कलम मांडीवर घेऊन आणलं होतं. त्याला यंदा पहिल्यांदाच फळं धरली होती.

ठेकेदार म्हणाला, "झाड तोडा, नाहीतर माल कुठी टाकू?"

आई झाडाजवळ जाऊन उभी राहिली. बोलली माझी बायको. ती सौंसरकडची, संत्र्याच्या बागेत वाढलेली आणि तोंडाने फटकळ. मला ती त्यासाठीच आवडते.

"आमच्या बागेत गाडी उभी झाल्याशिवाय एक संत्रं तोडत नाई. तोडून ठेवलं का सडते. मग तुमी महिन्याभराचा माल आजच आणून कायले सडवून राहिले?"

तेव्हापासून आठवड्याच्या कामापुरताच माल येऊ लागला. फुटक्या विटाही तिने फेकू दिल्या नाहीत, फरशीखाली भरायला लावल्या. शेजारी हसायचे, आणि मोकळ्या गल्लीतून आपल्या गाड्या आरामात काढायचे.

घोडं अडलं ते स्लॅबपाशी. तिने गिट्टी नेमकी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मागवली. त्या दिवशी आमच्याकडे गोटमार असते, जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगावची दरवर्षीची दगडफेक. हे सौंसरच्या माणसाच्या ध्यानात राहिलं नाही. ठेकेदाराला ठाऊक होतं. तो मुद्दाम गप्प बसला, असं माझं अजूनही मत आहे. रस्ते बंद, मजूर सगळे सावरगावकडे, गिट्टीची गाडी गावाबाहेर अडकलेली. वर स्लॅबसाठी सेंटरिंगच्या फळ्या ठोकून तयार आणि आभाळ भरून आलेलं.

बायको ओट्यावर बसून रडायला लागली. "आई, माह्यंच चुकलं. तोडू द्या ते झाड. सगळा माल एकदाच येऊ द्या."

आई तिच्याजवळ जाऊन बसली. "अवं, स्लॅब दोन दिवसांनं पडन, त्यात काय? माह्या वस्तूसाठी आजपावतो कोणी भांडलं नव्हतं, बाई. तू रडू नोको."

मी, तिचा सख्खा मुलगा, समोरच उभा होतो. बायकोसाठी पाणी आणायचं निमित्त करून मी तिथून निघालो.