दुसरी नर्स

अक्कलकुव्याच्या दवाखान्यात नर्सच्या जागा दोन. एक गावाची, एक डोंगराची. दोन्हींवर मीच. डोंगराची बाई लग्न करून गेली, तिचं काम तात्पुरतं म्हणून माझ्या गळ्यात पडलं आणि मुक्कामालाच राहिलं. बाहेरच्या पाटीवर मात्र दोन नर्स कायम होत्या. डॉक्टर सदा फिरतीवर. कारभार बघायचे ते साहेब, आणि साहेबांचा माझ्यापेक्षा पाटीवर विश्वास जास्त.

होळी जवळ आली तेव्हा डोंगरातल्या काठी गावचा एक गडी अंगणात येऊन उभा राहिला. अनवाणी, अंगावर राखेचे ठिपके, कमरेला भोपळे. होळीचं व्रत धरलेलं, बाईमाणसाला शिवायचं नाही, म्हणून लांबूनच बोलला. तिकडे लहानथोर सगळ्यांना 'तू'च म्हणतात.

"बाई, तू चाल. बायकोचे दिवस भरले."

तिची आधीची दोन पोरं जन्मतानाच गेली होती. हे तिसरं पोटात आडवं होतं, मागच्या फेरीत मी चाचपलं होतं. दिवस भरत आले की झोळीत घालून खाली आणा, असं बजावूनही आले होते.

"मग आणली का नाहीस?"

"उचलणार कोण? हे पोर जगावं म्हणून घरातल्या सगळ्या गड्यांनी व्रत धरलंय. भावांनी, चुलत्यांनी, सगळ्यांनी."

कप्पाळ माझं. पोर जगावं म्हणून असं व्रत, की पोराच्या आईला हात लावायला कोणी उरलं नाही. मी तरातरा साहेबांकडे गेले.

"दुसऱ्या नर्सला चार्ज दिल्याशिवाय मुक्काम सोडता येणार नाही," साहेब म्हणाले.

"साहेब, दुसरी नर्स मीच आहे."

"मग अडचण काय? द्या तिला चार्ज."

मला वाटलं थट्टा करताहेत. पण चेहऱ्यावरची रेघ हलेना. मी किल्ल्या टेबलावर ठेवल्या, टेबलाला वळसा घालून पलीकडे गेले आणि उचलल्या. साहेबांचं समाधान झालं.

"डोंगराची जाईल, गावाची इथं राहील. बरोबर?"

"बरोबर, साहेब," मी म्हटलं. माझा जीव त्या आडव्या बाळात अडकला होता. साहेबांशी वाद घालत कोण बसतंय?

तट्टावरून दिवस कलता काठीला पोचले. अंगणात मोरपिसांचे टोप घातलेले गडी ओळीनं, झोपडीकडे पाठ करून उभे. गरम पाणी मागितलं की एक जण हंडा आणून मध्येच जमिनीवर ठेवायचा आणि पळायचा. मग बायका तो आत आणायच्या. आत मी घामाघूम होऊन बाळ फिरवतेय आणि बाहेर कोणी जरा हललं की घुंगरं वाजताहेत. शेवटी वैतागून ओरडले, "हलू नका रे, नाहीतर सरळ नाचा तरी." तर ते नाचायलाच लागले. त्या दणदणाटातच पोरगी झाली आणि अशी काही रडली, की मी तिच्या आजीच्या गळ्यात पडून रडले.

दुसऱ्या दिवशी आनंदात खाली आले. दवाखान्याच्या ओट्यावर पिंजाऱ्यांची म्हातारी बसली होती. आदल्या दिवशी तिनं सुनेला आणलं होतं. साहेबांनी सांगितलं, एक नर्स डोंगरात गेलीय, दुसरी आहे, येईल इतक्यात, बसा. म्हणून सासूसुनेनं सुईणीला बोलावणं धाडलं नाही. बसून राहिल्या. सून ओट्यावरच बाळंत झाली. बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा होता, तो सोडवणारं कोणी नव्हतं. सून वाचली, बाळ गेलं.

म्हातारी भांडायला आली नव्हती. तिला नुसतं समजून घ्यायचं होतं.

"पहाड में कोण गेली होती?"

"मी."

"और इधर कोण होती?"

किल्ल्या माझ्याच कमरेला होत्या. "मीच," मी म्हणाले.

म्हातारीनं मान वाकडी करून माझ्या मागं रस्त्याकडे पाहिलं, आणखी कोणी येतंय का म्हणून.