पुनवेपर्यंतचं पिल्लू

मला कुणी भित्री म्हणालेलं अजूनही खपत नाही. पण तेव्हा मी भित्रीच होते, खोटं कशाला बोलू.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली असतील. नवरा येलदरीच्या पॉवरहाऊसवर कामाला, आणि आम्हाला कॉलनीच्या अगदी टोकाची खोली मिळालेली. पुढं झुडपं, मागं झुडपं. त्यात यांना सलग रात्रपाळी लागली. पहिल्याच आठवड्यात हे ड्यूटीवर गेले, दिवा लावते न लावते तोच दाराची कडी खडखडली आणि मी अशी किंचाळले की अर्धी कॉलनी काठ्या घेऊन आली. दारात म्हैस होती! अंग घासत उभी होती बिचारी. झालं, ही खबर वालूरला सासरी पोचायला दोन दिवससुद्धा लागले नाहीत. मामंजी, म्हणजे माझे सासरे, लगेच एसटीनं आले आणि म्हणाले, "पुनवेला न्यायला येतो. रात्रपाळी सुटंस्तोवर तिकडंच राहा."

वालूरच्या घरात चौदा माणसं. वाईट कुणीच नव्हतं. पण लग्नाला दीड वर्ष झाल्यावर मला माझी स्वतःची चूल मिळाली होती, आणि ती एका म्हशीपायी सोडायची? माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तेही रागाचं. जाणं यांनाही नको होतं. वडलांना हे दादा म्हणायचे. हेच म्हणाले, "कुत्रं पाळू. दादांनाबी मग काही बोलता येणार न्हाई."

धरणावर मासळी विकणाऱ्या एका मावशींच्या कुत्रीला पिल्लं झाली होती. मावशींनी एकेकाला मानगुटीला धरून उचललं. चार केकाटली, एक नुसतंच लोंबकळलं. "हे घे," त्या म्हणाल्या. "जे रडत न्हाई ते राखणीचं असतंय."

कशाचं काय! घरात पाऊल टाकल्यापासून त्यानं जो सूर धरला तो सोडेचना. आता माझी अडचण बघा. रात्री मला कुत्रं हवं आणि दिवसा यांना झोप हवी. मशिनीवरचं काम, डोळा लागला तर जिवावरचा खेळ. खोली एकच. हे सकाळी येऊन, दोन घास खाऊन आडवे व्हायचे. मी आधीच जीव मुठीत धरून वागत होते. चटणी शेजारणीच्या ओट्यावर जाऊन कुटायची, आणि भाकरी इतकी हळू थापायची की ती थालीपिठाएवढी जाड व्हायची.

हे पॉवरहाऊसवरून सामानाचं एक रिकामं देवदारी खोकं विचारून घेऊन आले. एका बाजूच्या फळ्या काढून जाळीचं दार बसवलं, आत पोत्याचा तुकडा टाकला. पिल्लाला आत घालून दार लावलं की ते असा गळा काढायचं की यांनी कूस बदलावी आणि माझ्या काळजात लक्कन व्हावं. मी धावत जाऊन दार उघडायची, त्याला पदरात घेऊन अनवाणी बाहेर पळायची. कडुलिंबाखाली घटकाभर उभी राहायची. परत यायचं, परत आत घालायचं, परत बोंब. बरं, मोकळं सोडावं तर मेल्यानं यांच्या बुटाची जीभ चावून खाल्ली, जवारीच्या पोत्यावर मुतून ठेवलं, माझ्या घोट्यांची चाळण केली. मला बसवत नव्हतं आणि उठवतही नव्हतं. बसले की वाटायचं आता रडेल, उठले की वाटायचं माझ्याच पावलांनी जागं होईल. त्याचं नाव मी मुद्दामच ठेवलं नाही. राहतंय की जातंय याचाच पत्ता नव्हता.

आठव्या दिवशी हे तांबारलेले डोळे चोळत म्हणाले, "काल ड्यूटीवर उभ्या उभ्या पेंगलो. हे काही जमायचं न्हाई. तू वालूरलाच जा."

मी पिल्लू काखेत मारलं आणि तरातरा धरणावर गेले. "घ्या मावशी, तुमचं राखणीचं!"

मावशी मासे साफ करत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि हसल्या. "रडलं की उचलतीस ना?"

"मग काय करू?"

"आगं, तू त्याला शिकवायलीस का ते तुला शिकवायलंय? वरडलं की दार उघडतंय, हे तूच शिकवलंस. गप बसलं की उघड. घास खोक्यातच दे. आन् तुझं अंगावरचं जुनेर टाक आत, वास येऊ दे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली, कारण ते खरं होतं.

दोन दिवस यांना सोबत्याच्या खोलीवर झोपायला पाठवलं. जुनेर आत टाकलं. दूध-भाकर खोक्यात, दार उघडं ठेवून. मग एकदा दार लावलं आणि समोरच जवारी निवडत बसले. ते रडलं. मी सुपातून मान वर केली नाही. हात नुसते शिवशिवत होते, एकच खडा मी तीनदा निवडला असेल. शेवटी दमून ते थांबलं. मी मनात विसापर्यंत आकडे मोजले आणि दार उघडलं. पुढच्या खेपेला पन्नास, मग शंभर. झोपून उठलं की बाहेर, खाल्लं की बाहेर, आणि कडुलिंबाखाली मुतलं की "शाब्बास माझ्या वाघा!" शेजारीण म्हणायची, पोर झाल्यावर काय करशील गं तू?

पुनवेच्या चार दिवस आधी हे खोलीत झोपलेले असताना पिल्लू आपणहून खोक्यात गेलं, दोन गिरक्या घेतल्या आणि डोळे मिटले. मी हातात पळी धरून तशीच उभी राहिले. हे सहा तास झोपले! मी स्वतः इतकी दमून पडायची की म्हैस काय, रेडा येऊन गेला असता तरी कळलं नसतं.

पुनवेला भर दुपारी मामंजी आले. दार नुसतं लोटलेलं होतं. ते आत आले, काठी भिंतीला टेकवली. पिल्लानं खोक्यातून एक डोळा उघडून त्यांना पाहिलं आणि परत मिटला.

"हे राखण करणार?" झोपलेल्या लेकाकडं बघत मामंजी हळूच म्हणाले. "परका माणूस घरात आला तरी भुंकत न्हाई. चल पोरी, पिशवी भर."

मला काय झालं कोण जाणे. त्याला गप्प बसायला तर मीच शिकवलं होतं, रक्त आटवून! तीन आठवडे मी त्या खोलीत कुजबुजत जगले होते.

"मी न्हाई येणार!" मी ओरडले. सासऱ्यांपुढं तोवर मी धड एक वाक्य बोलले नव्हते. डोक्यावरचा पदर पडला, तोही सावरला नाही. "म्हैस येऊ द्या न्हाई तर चोर येऊ द्या. माझी चूल हितं हाय, मी हितंच राहणार!"

पिल्लू खोक्यातून बाहेर आलं, माझ्या दोन पायांच्या मधे उभं राहिलं आणि मामंजींवर भुंकायला लागलं. आवाज एवढासा, पण थांबायचं नाव नाही. हे बाजेवर उठून बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. यांची झोप शेवटी मीच मोडली होती.

"दादा," हे म्हणाले, "चार दिवस झाले, मी पोटभर झोपायलोय. राहू द्या तिला."

मामंजी भिंतीला टेकून बसले. मी चहा टाकला. घाईघाईनं ओतताना अर्धा बशीत सांडला. त्यांनी तो फुंकून फुंकून प्यायला आणि बशी खाली ठेवली, तशी पिल्लानं ती चाटून काढली. ते बघत बसले.

उठताना त्यांनी विचारलं, "नाव काय ह्याचं?"

"ठेवलं न्हाई अजून."

"का?"

"राहतंय का जातंय, म्हणून."

मामंजींनी चपला घातल्या, काठी घेतली. "ठेव आता," म्हणाले आणि तीनच्या एसटीसाठी निघाले.