शेवटचे चार आकडे

आईच्या गळ्यातल्या गाठीत सुई घालून नमुना घेतला, तो सोमवार होता. गुरुवारी रिपोर्ट तयार होईल, मोबाईलवर मेसेज येईल, मग या, असं नजरबादच्या लॅबमधल्या मुलीने कन्नडमध्ये सांगितलं. मी ते आईला मराठीत सांगितलं आणि वर मिजाशीत म्हणाले, "हा मेसेज आमच्याच सॉफ्टवेअरमधून जातो बरं का." आई म्हणाली, "मग जरा लवकर धाडायला सांग की." तिला वाटायचं, मेटगळ्ळीच्या त्या ऑफिसात बसून एकेक मेसेज मीच हाताने टाकते.

गाठ कसली आहे ते त्या रिपोर्टवरून कळणार होतं. डॉक्टर म्हणाले होते, साधी असेल तर सोडून देऊ, नसेल तर काढू. 'नसेल तर' हे दोन शब्द त्यांनी इतके पटकन उच्चारले की आईला ते ऐकूच आले नाहीत. मला आले. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

आणि आठवडा तरी कुठला, तर रिलीजचा! शुक्रवारी नवीन आवृत्ती सगळ्या लॅबना द्यायची होती. ज्यांनी कधी सॉफ्टवेअरच्या ऑफिसात दिवस काढले नाहीत त्यांना सांगते, रिलीजच्या आठवड्यात माणसं माणसांशी बोलत नाहीत, डाफरतात. एक बटण डावीकडे हवं की उजवीकडे, यावर आमच्यात एक अख्खी दुपार भांडण झालं होतं. रोज सकाळी दहाला उभ्याने मीटिंग. बसलं की माणसं लांबण लावतात, म्हणून उभं राहायचं, पंधरा मिनिटांत संपवायचं, असा नियम. आम्ही उभ्याने पाऊण तास लांबण लावायचो. तिसाव्या मिनिटाला निम्मे जण भिंतीला टेकलेले असायचे. प्रत्येकाने तीनच गोष्टी सांगायच्या: काल काय केलं, आज काय करणार, अडथळा काय. माझी पाळी आली की मी म्हणायची, "अडथळा काही नाही." हातातल्या फोनकडे बघतच म्हणायची.

आमच्यात एक टेस्टर होते. आम्ही लिहायचं आणि त्यांनी त्यातल्या चुका काढायच्या, हे त्यांचं काम. मंडी मोहल्ल्यातल्या जुन्या रंगाऱ्यांच्या घरातले, पन्नाशी ओलांडलेले, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. घरात मराठीच, पण अशी की अर्ध्या वाक्यात कन्नड घुसायचं. "नोडम्मा, हे सुम्ने बंद करू नको की, स्वल्प बघ तरी," असं बोलायचे; नोडम्मा म्हणजे बघ बाई, सुम्ने म्हणजे उगाच, स्वल्प म्हणजे जरा. माझ्या सांगलीच्या कानाला पहिलं वर्षभर ते विचित्र वाटायचं. मग मीच घरी आईला "स्वल्प थांब" म्हणायला लागले आणि आईने डोळे वटारले.

आता माझा गुन्हा सांगते. तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मेसेज जातात की नाही हे तपासायला आम्हाला खोटे पेशंट लागायचे. त्यांना नावं आम्ही द्यायचो: इडली वडा, कांदा भजी, टोमॅटो सार. आणि मोबाईल नंबर? नंबर घरच्यांचे. कुणी बायकोचा दिला होता, कुणी सासऱ्यांचा. मी आईचा. त्यामुळे आईला दिवसातून दहा-दहा मेसेज जायचे की प्रिय इडली वडा, तुमचा रिपोर्ट तयार आहे. आधी तिला गंमत वाटली. मग ती दुपारी झोपली की फोन वाजायला लागला. एक दिवस ऑफिसात फोन करून मला म्हणाली, "हा तुझा इडली वडा मेला का नाही अजून? बंद कर बाई, डोळा लागू देत नाही."

बंद केलं. सहा महिन्यांपूर्वीची ती दुपार मला लख्ख आठवते. घरच्यांच्या नंबरांची एक यादी केली आणि प्रोग्रामला सांगितलं, या नंबरांना मेसेज पाठवायचा नाही. पण कुणाचाही पूर्ण नंबर प्रोग्राममध्ये लिहायचा नाही असा आमच्या लीडचा, म्हणजे टीमच्या प्रमुखाचा, कडक नियम. म्हणून मी फक्त शेवटचे चार आकडे लिहिले. तेच चार आकडे गावात आणखी कुणाच्या नंबरातही असतील, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. उगाच खोटं का बोलू? कळलं होतं. शेजारी लिहून ठेवलं, 'तात्पुरतं, उद्या नीट करणे'. आणखी एक केलं. न गेलेला मेसेज लीडच्या स्क्रीनवर लाल दिसायचा आणि लाल दिसलं की तो खुर्चीमागे येऊन उभा राहायचा. म्हणून यादीतल्या नंबरांपुढे, मेसेज न पाठवताच, 'पाठवला' असं लिहायची सोय केली. सगळं हिरवंगार. आईची झोप झाली, लीड खूश झाला, आणि उद्या काही उजाडला नाही. ती यादी माझ्या टेबलावरून सुटली आणि सगळ्या लॅबमध्ये जाऊन बसली.

गुरुवारी मेसेज आला नाही. शुक्रवारी नाही. शुक्रवारी दुपारी, रिलीजला तीन तास उरलेले असताना, एका लॅबकडून तिकीट आलं. तक्रारीला आम्ही तिकीट म्हणतो. एका पेशंटला मेसेज मिळाला नाही, आमच्याकडे मात्र 'पाठवला' दिसतंय. मी माझ्याच नंबरावर एक मेसेज टाकून बघितला. टुणकन आला. झालं तर! मी लिहिलं, 'आमच्याकडे व्यवस्थित चालत आहे', आणि तिकीट बंद केलं. दोन मिनिटंही लागली नसतील. हे वाक्य आमच्या ऑफिसात सगळ्यांचंच पाठ होतं. माझ्या मशीनवर चालतंय म्हणजे जगात चालतंय.

अण्णा खुर्ची सरकवत आले. "बंद केलंस पण? असलंच अजून एक आलं होतं की गेल्या महिन्यात. तेही तूच बंद केलंस."

"अण्णा, पेशंटचा फोन बंद असेल, मेमरी भरली असेल. आपण काय आता त्यांच्या घरी जाऊन फोन साफ करायचे का?" मी खेकसलेच. "तुमचं आपलं काहीतरी भलतंच. आज रिलीज आहे!"

"आयतम्मा, आयतु, बरं," म्हणाले आणि गेले. मला वाईट वाटलं, पण माफी मागायलाही वेळ नव्हता. असं मी स्वतःला सांगितलं.

शनिवार-रविवार घरी होते. आईने भाजणी दळून आणली, थालीपीठं केली, गळ्याला पदर गुंडाळून. ती म्हणाली, "मेसेज आला नाही म्हणजे काही नसेलच गं. वाईट असतं तर त्यांनी लगेच कळवलं असतं." मी हो म्हणाले. लॅबला फोन करावा असं मनात दहादा आलं. केला नाही. एक तर भीती. जे कळायचं ते दोन दिवस उशिरा कळलं तर बरं, असलं काहीतरी. आणि दुसरं सांगायला लाज वाटते. माझा माझ्या कामावर विश्वास होता. रिपोर्ट तयार झाला की मेसेज जाणारच, मेसेज गेला नाही म्हणजे रिपोर्ट तयार नाही. मीच तर लिहिलंय ना ते! लॅबवालेच ढिले, असं मी आईला दोनदा ऐकवलंसुद्धा.

सोमवारही तसाच गेला. मंगळवारी दुपारी अण्णा पुन्हा आले. त्यांनी मला न विचारता ते तिकीट उघडलं होतं. स्टूल ओढून माझ्या शेजारी बसले. "कोप करू नको. दोन तिकिटं, दोन वेगळ्या लॅब, दोन वेगळे पेशंट. पण दोघांच्या नंबरचे शेवटचे चार आकडे एकच आहेत बघ." आणि त्यांनी ते आकडे वाचले.

ते आकडे मी गॅसवाल्याला, रिक्षावाल्याला, बँकेत, दवाखान्यात हजार वेळा सांगितलेले होते. आईचे.

यादी, 'पाठवला', गुरुवार, सगळं एकदमच डोक्यात आलं. अण्णा विचारत होते, "एनाय्तम्मा? काय झालं?" "आईचा रिपोर्ट," एवढंच मी म्हणाले, पर्स उचलली आणि जिना उतरले. लिफ्टची वाट बघायचंही सुचलं नाही.

लॅबमध्ये तीच मुलगी होती. तिने स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली. रिपोर्ट गुरुवारी सकाळीच तयार होता. "मेसेज केला होता मॅडम. बघा ना, पाठवला आहे." हिरव्या अक्षरांत. मी तिच्याशी काय भांडणार? ती अक्षरं हिरवी मीच केली होती.

रिपोर्टचं पाकीट फोडायचा धीर झाला नाही. आईला घेऊन तसंच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि सांगितलं की गाठ साधी नाही, ऑपरेशन करावं लागेल. सावकाश वाढणारी आहे, पूर्ण बरं होता येतं, घाबरू नका. मी विचारलं, "पाच दिवस उशीर झाला, त्याने काही?" ते म्हणाले, "या गाठीला पाच दिवसांनी काही फरक पडत नाही." या गाठीला. आई शेजारी ताठ बसून होती. तिने फक्त विचारलं की बोलता येईल ना नंतर.

घरी आल्यावर मी चहा ठेवला, आणि ओट्याशीच मला रडू फुटलं. सगळं सांगितलं तिला. इडली वडा, यादी, चार आकडे, बंद केलेलं तिकीट, सगळं. वाटलं, चिडेल, बोलेल. किंवा जवळ घेईल. मला त्यातलं काहीही चाललं असतं.

तिने गॅस बारीक केला. "म्हणजे ज्यांचे आकडे माझ्यासारखे, त्यांनाही मेसेज जात नाही?"

"नाही."

"मग आता ते बंद केलंस का?"

नव्हतं केलं. दुपारपासून मी लॅबमध्ये गेले, डॉक्टरांकडे गेले, रिक्षात बसून स्वतःला शिव्या दिल्या, इथे उभी राहून रडले, आणि एवढ्या वेळात ती यादी तिकडे चालूच होती. एकदाही, एकदासुद्धा ते माझ्या मनात आलं नव्हतं.

"मग रडतेस काय? लाग कामाला," आई म्हणाली. आवाज चढवला नाही. चहा तिने गाळला.

लॅपटॉप उघडला, अण्णांना फोन लावला. ते ऑफिसातच होते, लीडही होता. मी सगळं कबूल केलं. लीड म्हणाला, आधी काढ. यादी काढून टाकायला चार मिनिटं लागली. मग सहा महिन्यांत यादीने कुणाकुणाला अडवलं ते शोधलं. घरचे सोडून एकोणीस पेशंट निघाले. सोळा जणांनी वाट बघून, कंटाळून, स्वतःच लॅबमध्ये जाऊन रिपोर्ट नेला होता. तिघांनी नेला नव्हता. लीडने त्या लॅबना फोन केले. दोन लॅबनी लगेच पेशंटना कळवलं. नजरबादची ती मुलगी काउंटरवर एकटीच होती आणि समोर रांग. ती म्हणाली, एका पेशंटला तुम्हीच सांगता का, रिपोर्ट घेऊन जा एवढंच सांगायचं.

संध्याकाळचे सात वाजायचे होते. आई समोर बसून होती, माझा कप तसाच. मी लीडकडून नंबर घेतला आणि लावला. पहिली रिंग पुरती वाजलीही नाही आणि तिकडे एका बाईने फोन उचलला. वयस्कर आवाज, कन्नड.

"लॅबमधून का? आला का रिपोर्ट?"

"हो," मी म्हणाले. "आलाय. येऊन घेऊन जा." फोन ठेवता आला असता. पण समोर आई बसली होती. "तो अकरा दिवसांपूर्वीच आलाय."

पलीकडे टीव्ही चालू होता, तो कुणीतरी बंद केला. मग तिने अगदी साधेपणाने विचारलं, "मग मला का नाही सांगितलंत?"