जनार्दन बुवाची बारी

जनार्दन परब मस्कतला कुरुममधल्या एका एसी कंपनीत स्टोअरकीपर होता, पण मनानं अजून बुवाच होता. तरुणपणी कुडाळकडे त्यानं डबलबारीची भजनं गाजवली होती. दोन बुवा समोरासमोर बसणार आणि गाण्यातून एकमेकांची यथेच्छ खेचणार. समोरच्याचा आवाज काढा, पखवाज काढा, सुटलेलं पोट काढा, पण त्याच्या घरात शिरू नका, असा त्याच्या गुरूंचा दंडक होता.

त्याचा मुलगा साई इंग्रजीत वाढलेला. भजनाला तो ‘पप्पांचं टाळवालं’ म्हणायचा. पण अलीकडे इथल्या मराठी पोरांत रॅपचं खूळ शिरलं होतं. सगळं नवं नवं, त्यामुळे जोरही फार. एकीकडे कुरुमची पोरं, दुसरीकडे किनाऱ्यावरच्या बरका गावची, आणि दोघांत विस्तव जाईना. बरक्याची म्होरकी अमरीन, मासळीचा व्यापारी मजीद सोलकर याची मुलगी. तिच्या जिभेला धार. पहिल्याच सामन्यात तिनं साईच्या अडखळत्या मराठीची अशी सालटी काढली की हॉल हसून लोळला.

साई तोंड पाडून घरी आला. “पप्पा, एक सॉलिड लाइन द्या ना. डायरेक्ट खलास झाली पाहिजे ती.”

पोरानं बापाकडे काही मागावं, हे कित्येक वर्षांत झालं नव्हतं. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, तसं जनार्दनचं झालं.

मजीद त्याचा जुना दोस्त. कोरोनाच्या वर्षी मजीदचा धंदा बसला आणि जनार्दनचा पगार थांबला. फुकट धान्य वाटायचे त्या रांगेत मजीद तोंडाला फडकं बांधून उभा होता आणि त्याच्या मागेच जनार्दन. ओळख पटली तशा दोघांच्याही माना खाली गेल्या. घरी बोलायचं नाही, असं तिथंच ठरलं. जनार्दननं घरी सांगितलं, कंपनीनं दिलं. साईनं तो भात मागून मागून खाल्ला.

आता त्याच रांगेची त्यानं ओळ केली. साईला म्हणाला, गंमत आहे नुसती. स्वतःलाही तेच सांगितलं, आणि स्वतःला फसवायला फारसे कष्ट पडत नाहीत.

पुढच्या शुक्रवारी हॉलमध्ये मजीदनं त्याच्यासाठी शेजारची खुर्ची धरून ठेवली होती. साईनं माइक तोंडाशी नेला.

“बरक्याचा शेठ म्हणे, तोरा त्याचा फार,
फडकं बांधून धुंडत होता फुकट भाताचं दार!”

शिट्ट्या पडल्या. पोरं खुर्च्यांवर चढली. अमरीननं उत्तरासाठी तोंड उघडलं, पण तिची नजर बापाकडे गेली आणि तिथंच अडकली. “अब्बा, हा काय बोलतोय?”

मजीद उठला. जनार्दनला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. बारीला उत्तर द्यावंच लागतं आणि मजीदचं उत्तर शेजारच्या खुर्चीत बसलं होतं. एक बोट दाखवायचा अवकाश.

“खरं बोलतोय पोरगा,” मजीद म्हणाला. “होतो मी उभा. घरात काही नव्हतं.”

मागून कोणीतरी ओरडलं, “चाचा, और कौन था लाइन में?”

“मालूम नहीं रे. नजर नीचे थी मेरी.”

तो खाली बसला. जनार्दनकडे त्यानं पाहिलंदेखील नाही. त्यानं चारचौघांत आई-बहिणीवरून शिव्या दिल्या असत्या तर जनार्दनला बरं वाटलं असतं.

बक्षीस साईला मिळालं. पार्किंगमध्ये तो उड्या मारत होता. पलीकडे मजीद पिकअपकडे चालला होता आणि अमरीननं त्याचा हात घट्ट धरला होता. साईचं पाऊल थांबलं.

“पप्पा, ते खरंच होतं? तुम्हाला कसं माहीत?”

लोक बोलतात, हे जनार्दनच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण मजीद अजून दिसत होता.

“मी त्याच्या मागे उभा होतो,” तो म्हणाला. “कंपनीनं दिलेला तांदूळ नव्हता तो.”

साईनं बक्षिसाचा कप बापाच्या हातात दिला.

“आणि तुम्ही हे मला बोलायला लावलंत?”