फुडल्या सालचं कालवण

खेकड्यांना आमच्या थोरल्या मामंजींइतका जीव लावणारा आणि तितक्याच चवीनं खेकडे खाणारा माणूस मुळशीच्या खोऱ्यात दुसरा झाला नाही. मामंजी म्हणजे माझे चुलत सासरे. बायको ऐन तरुणपणी गेलेली, लेकरू नव्हतं, आमच्याच घरात त्यांचं ताट असे. माणूस उंच, वाळलेला, आणि एकदा बांधावरून पडून गुडघा धरल्यापासून चालणं थोडं तिरकं. लग्न होऊन मी घाट चढून या गावात आले, तेव्हा पहिल्याच दिवशी ते अंगणातून तिरके तिरके येताना दिसले आणि मला पदराआड हसू आवरेना. सासूबाईंनी चिमटा काढला म्हणून, नाहीतर माझी काही धडगत नव्हती.

कुठलीही वस्तू उलटी करून पाहिल्याशिवाय या माणसाला चैन पडत नसे. ताटात भाकरी पडली की आधी उलटून बघायची, मग तुकडा मोडायचा. बाजारात घागर घेतली की तिचं बूड आधी बघायचं. पाहुण्यांनी दारात काढून ठेवलेल्या वहाणासुद्धा त्यांनी उलट्या करून पाहिल्या आहेत. पाहुणे बिचारे अनवाणीच परत जायचं की काय म्हणून घाबरले होते. ही खोड त्यांना लागली ती नदीवर. नदीच्या उताराला, जिथून गावाची वाट वर चढते, तिथं उंबराखाली एक सपाट दगड होता. पावसाळ्याच्या तोंडाला खेकडे बिळांबाहेर निघू लागले की मामंजींचं बूड त्या दगडाला चिकटलंच म्हणून समजा. नदीवरून येणाऱ्या प्रत्येकाची टोपली तिथं थांबायची. मामंजी म्हणायचे, “उलटं करा.” मग एकेक खेकडा पाठीवर टाकून त्याचं पोट बघायचं. नर असला तर जाऊ दे घरी. मादी असली आणि तिच्या पोटावरच्या रुंद झाकणीखाली अंडी नाहीतर पिल्लं असली, तर तिला ते लेकुरवाळी म्हणायचे, आणि लेकुरवाळी त्या दगडाच्या वर कधीही गेली नाही.

दंड म्हणून पैसा-अडका काही नव्हता. ज्यानं धरली त्यानंच तिला दोन्ही हातांनी परत न्यायची, गुडघाभर पाण्यात उतरायचं, हळूच कपारीशी ठेवायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, “चुकी झाली बाई, लेकरं सांभाळ.” फेकायची नाही आणि पुटपुटायचंही नाही. एकदा खुद्द पाटलांनी फेट्याच्या पदरात एक लेकुरवाळी लपवून आणली. मामंजी दगडावरून उठलेसुद्धा नाहीत. नुसते म्हणाले, “पाटील, डोस्कं लई हालतंया आज तुमचं.” आणि तेवढ्यात त्या बाईनं फेट्यातून पाटलांचा कान धरला! अहो, ती आरोळी पल्याडच्या शिवारात ऐकू गेली. मिशा फेंदारून पाटील पाण्यात उतरले, चुकी झाली बाई म्हणाले, आणि काठावरच्या बायांनी पदर तोंडात कोंबून घेतले.

“मामंजी फार दयाळू” असं कुणी म्हणालं की त्यांना राग यायचा. “दया कसली? मी काय म्हाराज हाय व्हय? मला फुडल्या साली बी कालवण खायाचं हाय!” आणि खायचेही तसेच. नांग्या-पाय पाट्यावर कुटून, त्याचं पाणी गाळून रश्शात घातलेलं कालवण त्यांना लागे. भाकरी कुस्करायची, वाटीला तोंड लावायचं, आणि मिशा पुसत म्हणायचं, “फुडल्या साली बी आसंच झालं पायजे.”

आता माझी गोष्ट. मी घाटाखालची. आमच्याकडे खेकडीला चिंबोरी म्हणतात, आणि अंड्यांनी पोट भरलेली चिंबोरी म्हणजे मेजवानी, तिला सोडून देणारा माणूस वेडाच. मला दिवस गेले, ऐन आषाढात डोहाळे लागले, आणि लागले तेही कसले, तर भरलेल्या चिंबोरीचे! चिंच नको, आवळा नको, डोळे मिटले की तेच. मी लाजत लाजत सासूबाईंच्या कानात सांगितलं, आणि घरात जो काही हलकल्लोळ झाला म्हणता! गरोदर बाईचे डोहाळे पुरवले नाहीत तर पोराचा कान फुटतो, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. एरवी थोरल्या दिरांसमोर उभ्या न राहणाऱ्या सासूबाई त्या दिवशी दाराआडून कडाडल्या, “भावजी, पोराचा कान फुटला तर तुमच्या खेकड्या येनार हायेत का त्येल घालाय?” गावात दोन तट पडले. चावडीवर म्हणे बैठकसुद्धा बसली. पाटलांनी मोठ्या उत्साहानं माझी बाजू घेतली, त्यांचा कान आठवत असणार.

मामंजी त्या रात्री जेवायला बसले ते भाकरी न उलटताच खाऊन उठले.  दुसऱ्या दिवशी सकाळी तिरके तिरके आले, हातात मडकं. माझ्यापुढं ठेवलं आणि भिंतीकडं बघत म्हणाले, “घे, सूनबाई. तुज्या डोहाळ्याफुडं माजं काय चालतंय. शिजव.” आवाज इतका बारीक की मला वाटलं दुसरंच कुणी बोलतंय.

मी मडक्यात हात घातला, कवचाला मागून धरून ती बाहेर काढली. आणि काय सांगू, या गावात येऊन मलाही ती खोड लागलेली! हात आपोआप फिरला, मी ती उलटी केली. झाकणीखाली नाचणीच्या दाण्यांएवढी पिल्लं, एकाला एक बिलगून वळवळत होती. माझा डोहाळा जिरला तो तिथंच. मला भडभडून आलं. सासूबाईंना म्हटलं, “वासानं मळमळतंय मला.” खोटंच. मग दोन्ही हातांत तिला धरून मी नदीची वाट धरली. सासूबाई माझा दंड धरून “अगं, पाय घसरल, भवाने” म्हणत बरोबर. पाण्यात उतरले, तिला कपारीशी ठेवलं, आणि सगळ्या गावाच्या देखत सासऱ्यांपुढं तोंड उघडून मोठ्यानं म्हटलं, “चुकी झाली बाई, लेकरं सांभाळ.”

मामंजी दगडावर बसून धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते. मी बघतेय म्हटल्यावर म्हणाले, “चिलट ग्येलं डोळ्यात.” त्या सबंध पावसाळ्यात त्यांनी मला इतके नर खेकडे खाऊ घातले, की शेवटी मीच हात जोडले. लेक झाली, आणि तिचे दोन्ही कान ठणठणीत आहेत. कामाला हाक मारली तरच तेवढं तिला ऐकू येत नाही.

पण त्याच वर्षांत खालच्या अंगाला धरणाची भिंत चढत होती. लोक सत्याग्रहाला बसले, मार खाल्ला, तुरुंगात गेले, तरी भिंत काही थांबली नाही. गाव पाण्याखाली जाणार हे नक्की झालं. जो तो जमिनीसाठी, घरासाठी रडत होता. मामंजींना विचारलं तर म्हणत, “मानसं जातील कुटंबी. ह्यांनी कुटं जायाचं?” आम्हाला उठवायला आलेला कारकून त्यांना समजावू लागला, की आजोबा, उलट पाणी वाढणार, खेकड्यांची चंगळच. मामंजी म्हणाले, “तुजं घर आडात बांधून दिलं तर ऱ्हाशील का रं तू? पानी लईच हाय तितं.”

वरच्या डोंगराकडं आम्हाला नवी जागा मिळाली. जवळ ओढा होता, पण त्यात खेकडा औषधाला नव्हता. वरच्या वस्तीनं आपपरभाव न ठेवता सगळे खाऊन टाकले होते. हे कळलं मात्र, मामंजींना हुरूप आला. गाव हललं त्या दिवशी कुणी तुळया घेतल्या, कुणी दारं, कुणी जातं. सगळ्यांत पुढं गुरव देव घेऊन, आणि देवाच्या मागोमाग डोक्यावर ओल्या शेवाळाचं मडकं घेऊन मामंजी! मडक्यात लेकुरवाळ्या. सगळं गाव रडत होतं, पण तो मान देवाखालोखाल खेकड्यांना गेलेला पाहून रडता रडता हसतही होतं. दर चढाला ते थांबायचे आणि मडक्यात डोकावून म्हणायचे, “आलंच बायांनो, आलंच.”

ओढ्यात त्यांना सोडलं आणि मामंजींनी हुकूम काढला, की मी सांगेपर्यंत नर नाही, मादी नाही, कशालाही हात लावायचा नाही. आश्चर्य म्हणजे वरच्या वस्तीनंही तो मानला. ओढ्याकाठी नवा दगड ठरला. दर पावसाळ्यात मी विचारायची, “मामंजी, आता?” ते म्हणायचे, “फुडल्या साली.” दात एव्हाना गेले होते. मी म्हटलं, आता कशानं खाणार? तर म्हणाले, “रस्सा प्यायला दात लागत्यात व्हय?”

मग ते अंथरुणाला खिळले. एका सकाळी ओढ्यावर मला चांगला जाड नांग्यांचा खेकडा दिसला, तो मी मडक्यात घालून त्यांच्या उशाशी नेला. डोळ्यांना दिसत नव्हतं. चाचपत बोटं पुढं आली, त्यांनी तो उलटा केला, पोटावरून बोट फिरवलं आणि हसले. “नर हाय. झाले की गं खेकडे!” मी म्हटलं, “कालवण करते, मामंजी.” त्यांच्या तोंडाला पाणी सुटलेलं मला दिसत होतं. मग म्हणाले, “येकटाच हाय का, काय जानं. सोड त्येला. फुडल्या साली.”

मी सोडला.

पुढलं साल आलं, ओढा खेकड्यांनी नुसता भरून गेला. मामंजी थंडीतच गेले होते. दगडावर कुणीतरी बसायला हवं होतं, मी पदर खोचला आणि बसले. टोपल्या थांबल्या, उलट्या झाल्या, चार-दोन लेकुरवाळ्या परत पाण्यात गेल्या, आणि त्या दिवशी सगळ्या वाडीत कालवण झालं. नांग्या सासूबाईंनी पाट्यावर कुटल्या. मी सगळ्यांची ताटं वाढली, आणि एक ताट मामंजींच्या नेहमीच्या जागेवर मांडलं. वाटीत काठोकाठ रस्सा घातला, आणि शेजारी भाकरी ठेवली, ती उलटून.