प्रार्थनेखालचा सूर

मी तरुणांचा पास्टर आहे हे सांगितलं की अमरावतीत लोक आधी माझ्या टकलाकडे बघतात. एकदा एका ऑटोवाल्याने सरळ विचारलं, "म्हणजे म्हताऱ्याइचा अलग रायते का?" राहतो. म्हाताऱ्यांचे पास्टर म्हणजे आमचे मोठे पाळकसाहेब. ते लग्नं लावतात, माणसं पुरतात आणि फोटोत मधोमध बसतात. माझ्याकडे गिटार, प्रोजेक्टर, नाताळच्या खुर्च्या आणि एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. वय चाळिशीला टेकलं, गुडघा कुरकुरतो, पण चर्चच्या कमिटीला माझ्याहून तरुण माणूस सापडेपर्यंत मी तरुण राहणार असं दिसतं.

या धंद्यात एक गोष्ट मी लवकर शिकलो. आमच्यात कोणी कोणाची निंदा करत नाही. आम्ही प्रार्थना विनंती देतो. "अमक्या बहिणीच्या घरातल्या शांतीसाठी प्रार्थना करा" म्हणजे काल नवराबायकोचं भांडण चार घरांपर्यंत ऐकू गेलं. "परतवाड्याच्या एका भावाला सवयीतून सुटका मिळावी" म्हणजे तो कुठल्या दुकानातून घेतो हेही सगळ्यांना ठाऊक आहे. डोळे मिटलेले असतात, मान खाली असते, आणि कान मात्र टवकारलेले. या प्रकारावर मी एकदा चांगला अर्धा तास उपदेशही झोडला होता. लोकांना फार आवडला. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते आमच्या मिशन कंपाउंडातही चालतं.

आता मी काय केलं ते सांगतो.

आमच्या चर्चमध्ये एक मुलगी कीबोर्ड वाजवायची. मुलगी म्हणतो, पण सत्तावीसची होती, एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवायची आणि पोरं तिला टरकून असायची. गाण्यांना तर ती वाजवायचीच, पण आमच्याकडे प्रार्थना चालू असतानाही मागे हळू सूर लावून ठेवायची पद्धत आहे. त्याने प्रार्थना करणाऱ्याला जोर येतो. साध्या माणसालाही आपण बायबलमधले संदेष्टे आहोत असं वाटू लागतं. मी तर मुळातच साधा नाही.

तिचे वडील एसटीत ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यावर दर रविवारी पुढच्या बाकावर बसायचे आणि प्रत्येक गाणं दीड पट्टी वर उचलायचे. सगळं चर्च त्यांच्या मागे धापा टाकत चढायचं, आणि मुलगी कीबोर्डवरून त्यांच्याकडे डोळे वटारून बघायची. मग त्यांच्या किडन्या गेल्या. मी साखळी उपास लावला. रोज एका घरी उपास, रोज संध्याकाळी प्रार्थना. आणि एक दिवस हॉस्पिटलात त्यांच्या खाटेशी उभा राहून, त्यांची बायको आणि मुलगी समोर असताना, मी छातीठोकपणे म्हणालो, "काका, येत्या नाताळला तुम्ही गाणार. मला देवानं सांगितलंय."

देवाने काही सांगितलं नव्हतं. मला भीती वाटली होती, आणि भीती वाटली की मी मोठ्याने बोलतो. हा माझा जुना रोग आहे. काका नाताळच्या आधीच गेले. मोठ्या पाळकसाहेबांनी पुरलं, मी खुर्च्या लावल्या.

त्यानंतर फेब्रुवारीत आमच्या तरुण संघाचं शिबिर मेळघाटात सेमाडोहला होतं. पोरांना वाघ दिसायला हवा होता, मला पोरांचा आत्मिक उद्धार हवा होता. दोघांनाही माकडं मिळाली. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे सिपना नदीत खेकडे शोधत असताना ती मुलगी माझ्याजवळ खडकावर येऊन बसली आणि म्हणाली, "पास्टर भाऊ, माह्याच्यानं आता प्रार्थना होत नाई. डोये मिटते, अन् काहीच नाई तिकडे. देव हायच असं वाटत नाई."

मी तोंड उघडलं. तिने हात वर करून थांबवलं. क्लासमध्ये करत असेल तसाच.

"उपदेश नोका करू. मी चर्चमदी येते ते आईसाठी. ती तिसऱ्या बाकावर बसते अन् मी वाजवताना माह्याकडे पाहत रायते. मी आली नाई तर ती घरात एकटी बसन. तिले हे सांगू नोका, बस."

मी वचन दिलं. मग तिने विचारलं, "बाबाचं तुमाले देवानं खरंच सांगतलं होतं काय?"

मी म्हणालो, देवाचे मार्ग आपल्याला कळत नाहीत. हे वाक्य आमच्याकडे छत्रीसारखं असतं, कुठेही उघडता येतं. ती उठून खेकड्यांकडे गेली.

पुढच्या रविवारी मोठे पाळकसाहेब नागपूरला लग्नाला गेले होते. म्हणजे उपासनेतली सगळ्यांसाठीची मोठी प्रार्थना माझ्याकडे. आता मोठ्या प्रार्थनेचं असं आहे की ती भजनासारखी रंगते. सुरुवातीला आपण ती करतो, मग ती आपल्याला करते. मी शिबिराबद्दल आभार मानले, लोक "आमेन" म्हणाले. परीक्षेच्या पोरांसाठी मागितलं, लोक आणखी जोरात "आमेन" म्हणाले. मागे सूर मऊ वाजत होता. माझा आवाज भरून आला. आणि खरं सांगतो, मला तिची मनापासून काळजी वाटत होती. मी म्हणालो, "प्रभू, त्या बोटांसाठी मी विनवतो, जी तुझ्या मंदिरात सूर लावतात, पण ज्यांच्या मालकिणीच्या हृदयात तुझ्यावरचा विश्वास उरलेला नाही. बापाच्या मरणाने तुझ्यापासून दूर गेलेल्या या लेकीला..."

सूर थांबला.

मी डोळे उघडले. माझ्याबरोबर अख्ख्या चर्चने उघडले. आमच्याकडे कीबोर्ड वाजवणारी एकच होती आणि तिचा बाप सगळ्यांनी मिळून पुरला होता. ती उठली, प्लग काढला, वायर नीट गुंडाळली, कीबोर्डवर कव्हर घातलं आणि मधल्या वाटेने चालत बाहेर गेली. तिसऱ्या बाकावर तिची आई पर्स मांडीवर धरून समोर बघत बसली होती. कोणीतरी मागून सवयीने "आमेन" म्हणालं. त्याचा गळा धरावासा वाटला, पण खरा धरण्यासारखा गळा माझाच होता.

संध्याकाळपर्यंत ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. कीबोर्ड वाजवणाऱ्या बहिणीच्या आत्मिक जीवनासाठी प्रार्थना करा. ग्रुपचा अ‍ॅडमिन मीच.

सोमवार माझा सुट्टीचा. मी अकोल्याला माझ्या आईकडे निघालो. बस मूर्तिजापूरच्या पुढे जायच्या आत बातमी अकोल्यात पोचली होती. आईने पाणीही विचारलं नाही. मेथी निवडत होती, ती निवडतच राहिली.

"देवाले माईत नव्हतं काय, त्या पोरीचं?"

"होतं ना, माय."

"मंग तू कोणाले सांगून रायला होता?"

पास्टर व्हायला मी सेमिनरीत चार वर्षं काढली. तिथे कोणी हा प्रश्न विचारला नव्हता. मी मेथी निवडायला बसलो. जेवताना आई म्हणाली, "जाय, तिच्या घरी जाय. अन् तिथं प्रार्थना करू नोको."

मंगळवारी गेलो. दार तिच्या आईने उघडलं. त्या मिशन हॉस्पिटलात नर्स होत्या. त्यांच्या हातून इंजेक्शन घेतलेली अर्धी अमरावती अजून त्यांना भिते. मी खुर्चीवर टेकलो आणि घरभेटीच्या सवयीने तोंडातून निघून गेलं, "प्रार्थना करू या का?"

"नको," त्या म्हणाल्या. चहा मात्र ठेवला.

मी माफी मागितली. त्या ऐकत होत्या. मग कप माझ्यापुढे सरकवत म्हणाल्या, "मले माईत होतं, भाऊ. बाप गेल्यापासून पोरीचे ओठ हालत नाईत, मले दिसत नाई काय? पण मले माईत हाय हे मी तिले समजू देल्लं नव्हतं. माह्यासाठी येत होती ना ती. घरात आमी दोघी बोलत नाई. बोललो का त्याइचा विषय निघते. रविवारी तासभर ती वाजवे, मी पाहो. तेवढंच होतं आमचं. आता तिले समजलं का मले सारं माईत हाय. आता कायले येईन ती?"

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही, कारण लपवायला चहाचा कप फार लहान होता. मी एका मुलीचं गुपित फोडलं एवढंच मला वाटत होतं. प्रत्यक्षात या दोघींचा आठवड्यातला एकुलता एक तास मी मोडला होता.

आतल्या खोलीत ती टेस्टचे पेपर तपासत होती. मी दारात उभा राहिलो. तिने मान वर केली नाही.

"चुकलो," मी म्हणालो.

"सेमाडोहले एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर द्या."

"नाही. देवानं काही सांगितलं नव्हतं. मी घाबरलो होतो."

तिचा लाल पेन थांबला. "हे मले नोका सांगू. ज्याइच्यासमोर डोये मिटून बोलले, त्याइच्यासमोर बोला. डोये उघडे ठेवून. प्रार्थनेत नाई, सिद्धं बोला."

"मग तू येशील?"

"ऐकाले येईन. बाकी काही सांगत नाई."

रविवारी मोठे पाळकसाहेब परत आले होते. त्यांना मी म्हणालो की मला सूचनांच्या वेळी दोन मिनिटं हवीत. त्यांना वाटलं खुर्च्यांबद्दल असेल. कीबोर्ड कव्हर घालून पडला होता. ती तिसऱ्या बाकावर आईशेजारी बसली होती, पण दोघींच्या मध्ये पर्स होती.

मी पुढे गेलो. हात आपोआप जोडले जात होते, ते मागे बांधले. डोळे उघडे ठेवून चर्चकडे बघायचं म्हणजे काय असतं हे मला तोवर माहीत नव्हतं. प्रत्येक चेहरा दिसतो.

"मागच्या रविवारी मी प्रार्थनेच्या नावाखाली एकीची खाजगी गोष्ट तुम्हाला सांगितली," मी म्हणालो. "आणि त्याआधी काकांच्या खाटेशी, देवानं मला सांगितलं असं म्हणालो. देवानं सांगितलं नव्हतं. मी खोटं बोललो."

"आमेन!" मागच्या बाकावरचे एक आजोबा सवयीने गरजले.

कोणीतरी फिसकन हसलं. मग आणखी कोणी. मी तसंच पुढे रेटलं. "तिचा विश्वास गेला असेल तर तो घालवण्यात माझाही हात आहे. तिच्यासाठी प्रार्थना करायची असेल तर घरी करा. ग्रुपवर नको." एवढं बोलून मी जागेवर जाऊन बसलो. कमिटीच्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. पुढचा तरुण पास्टर कोण, हा विचार त्यांच्या कपाळावर वाचता येत होता.

मोठ्या पाळकसाहेबांना काय करावं कळेना तेव्हा त्यांनी गाणं जाहीर केलं. सूर द्यायला कोणी नाही. आमेनवाल्या आजोबांनीच उचललं, आणि थेट काकांच्या पट्टीत उचललं. सगळं चर्च त्यांच्यामागे चढू लागलं. दुसऱ्या ओळीला बायकांचे आवाज चिरले, बाप्यांचे बंद पडले, आणि आजोबा वर एकटेच उरले.

तिसऱ्या बाकावरून ती उठली. पुढे आली, कव्हर काढलं, वायर सोडली, प्लग लावला. आजोबांकडे डोळे वटारून बघितलं, आणि एकच स्वर दाबून धरला. खालचा, बरोबरचा. चर्च धपकन त्या स्वरावर उतरलं. तिच्या आईने पर्स तोंडापुढे धरली होती. त्या हसत होत्या की रडत होत्या हे मला बघायला मिळालं नाही, आणि या वेळी मी वाकून बघितलंही नाही.

उपासना संपल्यावर ती माझ्याजवळ आली. "गाणे वाजवीन. प्रार्थनेच्या खाली वाजवणार नाई. तुमी बोलसान तवा माहे हात खाली रायतीन."

"चालेल," मी म्हणालो.

कमिटीने मला अजून काढलेलं नाही. माणूस शोधणं चालू आहे म्हणतात. माझ्या प्रार्थना मात्र आखूड झाल्या आहेत. मागे सूर नसला की आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू येतं आणि दोन वाक्यांत लाज वाटते. लोक म्हणतात, पास्टरात नम्रता आली. म्हणू देत.

गेल्या रविवारी प्रार्थना करता करता माझे डोळे उघडले गेले. सगळ्या माना खाली होत्या. तिसऱ्या बाकावर तिच्या आईचे डोळे घट्ट मिटलेले, ओठ भराभर हलत होते, दोघींच्या वाटचं एकटीनेच मागायचं असल्यासारखे. कीबोर्डमागे मुलगी हात मांडीवर ठेवून, डोळे उघडे ठेवून, आईकडे बघत होती. माझी प्रार्थना केव्हाच संपली होती. पण मी आमेन म्हटलं की आईने डोळे उघडले असते आणि मुलीने नजर वळवली असती. म्हणून मी गप्प उभा राहिलो, आणि आमेन म्हणायला बराच उशीर केला.