बाटल्यांची नवी रांग

कुलवंतपाजींनी मला इथे कॅनडात त्यांच्या ढाब्यावर कामाला घेतलं, म्हणून माझं बरं चाललंय. नववीत शाळा सोडलेल्याला एवढ्या लांब दुसरं कोण विचारणार होतं?

इथले बर्फावरच्या हॉकीचे संघ नव्या पोरांना एकेक करून निवडून घेतात. पुढे काही वर्षांनी आमची ट्रकवाली गिऱ्हाइकं चहा पिता पिता कोण कसा खेळला ते बघून तीच निवड नव्याने करत बसतात. काल एकाने काउंटरवर सॉसच्या बाटल्या खेळाडू म्हणून ओळीने मांडल्या आणि शेवटची उचलून सगळ्यांत पुढे ठेवली. "हा हिरा तेव्हा कुणाला दिसलाच नाही, यार!"

त्या पोराला मागे टाकलं म्हणून परकी माणसं हळहळतात. मी मागे राहिलो त्या माझ्या वर्गाची रांग कोण पुन्हा लावणार? मग दिसलं, एक बाटली पुढे आली तशा बाकीच्या मागे सरकल्या. पाजींनीही नव्याने निवडायचं ठरवलं तर?

हसत हसत विचारलंच, "पाजी, आज मला घेतलं असतंत?"

"ओय, तेव्हा तू एकटाच आला होतास," पाजी म्हणाले. "आज दहा आले तरी तूच. चल, कांदा काप."

कधीतरी माझाही ढाबा होईल. तिथली पहिली खुर्ची पाजींची, आणि ती रांग मी कुणाला बदलू देणार नाही.